वितीच्या मापाचा वायपर

सावरवाडी, जि. नांदेड
१२ जून २०२५

ती. दादास,
उज्वलाचा शि. सा. न. वि. वि.

गॅरेजमधल्या हॉर्नांनी तुझे कान नेले. फोनवर तुला काही ऐकू येत नाही आणि तरी तू हां हां म्हणत राहतोस. मागच्या वेळी मी यांना ताप आल्याचं सांगितलं तर तू छान छान म्हणालास. म्हणून हे पत्र. आता नीट बसून वाच, कारण काम तुझ्याच धंद्यातलं आहे.

आमच्या बचत गटाने दिवाळीत मोटरबोट घेतली, हे तुला माहीत आहे. छोटीच आहे. फायबरची, मागे इंजिन, पुढे काच, वर कापडी छत. हायस्कूल आणि दवाखाना पडला गोदावरीच्या पलीकडे. रस्त्याने जायचं तर नांदेडवरून वळसा, आणि पावसाळ्यात मधला ओढा आला की तोही बंद. बोट चालवते तुझी भाचेसून ऋतुजा. सत्यम आठवडाभर नांदेडला कंपनीत असतो आणि इथे त्याची बायको अर्ध्या गावाला पलीकडे पोचवते. सासू म्हणून मी तिची तोंडावर स्तुती करत नाही, पण चाक हातात घेतलं की पोरगी वेगळीच दिसते.

आता अडचण ऐक. परवा जोराचा पाऊस आला. वरून पाऊस, खालून बोटीनेच उडवलेलं पाणी, आणि काचेतून समोरचं काही दिसेना. ऋतुजा बाजूने मुंडकं बाहेर काढून चालवत होती, ती थेट अमृतरावांच्या मासे धरायच्या जाळ्यात घुसली. कुणाला काही झालं नाही. पण बोटीत शाळेत नाव घालायला निघालेल्या पोरी होत्या, त्या घाबरून रडल्या. गटाच्या अध्यक्ष नागुबाई आल्या आणि म्हणाल्या, लेकरायचा जीव आधी, साळा मग, दसऱ्यापर्यंत बोट बांधून ठेवा. चूक काय म्हणायची त्यांची? पण दसऱ्यापर्यंत बोट बांधली की पुढे ती ऋतुजाच्या हातात राहत नाही, हे तिलाही कळतं आणि मलाही. तेव्हापासून ती नुसत्या जाड भाकरी थापून राहिली.

यांनी आपली तंबाखू काचेवर चोळून पाहिली. ड्रायव्हर लोक तसं करतात म्हणे. थोडा वेळ बरं दिसलं, मग काच आणि तंबाखू दोन्ही गेली.

तर दादा, मोटारीला असतो तसा वायपर या काचेला बसवता येईल का? काच तीन विती आणि चार बोटं रुंद आहे. टेप आहे घरात, पण त्याचा पुढचा तुकडा तुटलाय, कुठून मोजायचं तेच कळत नाही.

वहिनींना नमस्कार. लोभ तुझा आहेच, तो काही मागत नाही. वायपर मात्र मागते.

तुझी,
उज्वला


औसा, जि. लातूर
२१ जून २०२५

चि. सौ. उज्वलास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. माझे कान ठीक आहेत, हल्लीचे फोन हळू बोलतात.

चाळीस वर्षं मी ट्रॅक्टर, जीप, टेम्पो यांच्या वायरी जोडल्या, पण पाण्यातल्या गाडीचं काम पहिल्यांदा आलं. दोन दिवस दुसरं काही सुचलं नाही. तारामती म्हणते, जेवताना तुमचा हात ताटावर डावीकडून उजवीकडे फिरतो.

आधी एक गोष्ट पाहा. काच खरी काचेची आहे की प्लास्टिकची? प्लास्टिकची असेल तर वायपर तिच्यावर ओरखडे काढील आणि चार दिवसांत होती तीही नजर जाईल. गाल लावून बघा. काच गालाला गार लागते, प्लास्टिक लागत नाही.

काच असेल तर सोबतचं सामान बसवा. मोटर एका म्हाताऱ्या जीपची आहे. जीप भंगारात गेली पण मोटर अजून तरणी आहे. ती आतल्या बाजूने लावायची, म्हणजे भिजणार नाही. फायबरला भोक पाडायच्या आधी वर चिकटपट्टी लावा, नाहीतर चिरा जातील. भोकात रबरी वायसर घाला. बॅटरीवरून वायर आणताना मध्ये फ्यूज घालायला विसरू नका, तो मी चाकाखाली बसेल असा जोडून दिलाय. दांडी तुझ्या मापाने कापून, वेल्डिंग करून पाठवतो आहे. आणि कोरड्या काचेवर वायपर फिरवायचा नाही, गंमत म्हणूनसुद्धा नाही. हे तुझ्या नवऱ्यासाठी.

मीच येऊन बसवून दिला असता, पण गॅरेज सोडून येता येत नाही. ऋतुजाला सांग, भाकरी पातळ कर, मामा आहे.

आशीर्वाद आहेतच, ते या पार्सलात मावले नाहीत म्हणून पत्रातून पाठवतो.

तुझा दादा,
शेषेराव


सावरवाडी
३ जुलै २०२५

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

वायपर बसला. आता पुढचं वाच आणि हसू नकोस.

तुझं पत्र मी मोठ्याने वाचून दाखवलं ही चूक झाली. आधी यांनी काचेला गाल लावला, मग शेजारच्यांनी, मग बोटीच्या वाटेने जाणाऱ्या प्रत्येकाने. अर्ध्या गावाचं मत पडलं की गार लागते. ऋतुजाने चिकटपट्टी लावून सावकाश भोक पाडलं, एकही चीर नाही. वायरी तिने जोडल्या, यांनी फक्त पकड धरली आणि सगळ्यांना सांगितलं की आम्ही दोघांनी केलं.

बटण दाबलं आणि वायपर हलला, तेव्हा काठावरच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. नागुबाईंना आम्ही मुद्दाम बोलावलं होतं. त्या पुढच्या डाव्या सीटवर बसल्या. पाऊस नव्हता म्हणून हे बादलीने काचेवर पाणी मारत होते. नागुबाईंचा काही विश्वास बसेना, म्हणून बाहेरून कसं दिसतं ते बघायला त्यांनी काचेच्या कडेने तोंड पुढे काढलं. आणि दादा, तुझा वायपर काचेवर थांबतच नाही! कडेच्या बाहेर चांगला चार बोटं जातो. गेला, नागुबाईंच्या नाकावरचा चष्मा उचलला आणि गोदावरीत टाकला.

पोरं हसली, मी पदर तोंडात धरला, ऋतुजाचा चेहरा पांढराफटक पडला. वायपर हाय का गोफण, असं नागुबाईंनी विचारलं.

पण बाई मनाची मोठी. संध्याकाळी जुना चष्मा घालून घरी आल्या आणि म्हणाल्या, पोरीनं मेहनत लई केली, मी बघितली. एक डाव अजून बघू. वायपर दुरुस्त करा, मग भर पावसात मी सोता बसंन. ह्या काठावरून त्या काठापर्यंत समोरचं दिसत राहिलं तर बोट चालवा. मधी एकदा जरी काच आंधळी झाली, तर दसऱ्यापर्यंत बांधायची आन् मग दुसरा माणूस बघायचा. ऋतुजाने मान हलवली. तोवर बोट बंद आहे.

म्हणजे सगळं आता तुझ्या दांडीवर आलं. आणि गॅरेज सोडून येता येत नाही म्हणे! खरं काय ते मला माहीत आहे. लहानपणापासून तू बादलीत पाय सोडायला भितोस. उन्हाळ्यात लांबच्या रस्त्याने येतोस, आणि पंचमीला मुराळी म्हणून बहिणीला न्यायला यायचं तर दरवर्षी तुझ्या पोराला, बजरंगला पाठवतोस, कारण तेव्हा होडीशिवाय वाट नसते. मी काही बोलत नाही, पण मला दिसतं.

रागावू नकोस. लोभ गोफणीसारखा दूर फेकू नये, एवढंच मागणं.

तुझी,
उज्वला


औसा
९ जुलै २०२५

चि. सौ. उज्वलास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र वाचून आधी राग आला. मी कापलेली दांडी चार बोटं चुकेल? शक्य नाही. तुझी वीतच खोटी, असं मी तारामतीला सांगितलं. तिने आपला पंजा आणून माझ्या पंजावर ठेवला आणि हसत आत गेली. मग माझं डोकं चाललं.

अण्णा आपल्या घरात सगळं वितीने मोजायचे. दाराची चौकट, बैलाचं दावं, तुझ्या लग्नाचा मांडव. आपल्यालाही तीच सवय लागली. तू काच मोजलीस तुझ्या वितीने, मी दांडी कापली माझ्या वितीने. अण्णांच्या घरात वीत एकच होती, ती अण्णांची, हे आपण दोघंही विसरलो. साठी ओलांडली तरी आपण त्यांचीच लेकरं.

आता असं कर. कागदावर हात पूर्ण ताणून ठेव, ऋतुजाला कडेने पेन फिरवायला सांग आणि तो कागद मला पाठव. त्या मापाने नवी दांडी करतो. तुटक्या टेपच्या नादाला लागू नकोस.

नागुबाईंची माझ्या वतीने माफी माग. चष्म्याला दोरी लावा म्हणावं, बोट असो की नसो.

पाण्याविषयी तू जे लिहिलंस ते मी वाचलं नाही.

तुझा दादा,
शेषेराव


सावरवाडी
१४ जुलै २०२५

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

सोबत माझा हात पाठवते आहे. ऋतुजाने पेन फिरवलं तेव्हा गुदगुल्या झाल्या, म्हणून अंगठ्यापाशी रेघ जरा वाकडी आहे, ती मापात धरू नकोस. करंगळीची रेघ मात्र बरोबर आहे. ती तेवढीच ताणली जाते. गोठ्याच्या दारात सापडली होती, मग तशीच वाकडी बसली. दुखत वगैरे नाही. वीत आखूड येते ती त्यानेही येत असेल, माझ्या ध्यानातच आलं नाही.

बोट झाडाला बांधलेली आहे. शाळेच्या पोरी सकाळी काठावर येतात, ऋतुजाकडे बघतात आणि परत जातात. ओढा आल्यामुळे रस्ताही गेला. पलीकडे जायचंच असेल तर अमृतराव आपल्या होडीतून नेतात, पण त्यात दोन माणसं बसली की तिसऱ्याला जागा नाही. ऋतुजा रोज जाऊन बोटीतलं पावसाचं पाणी उपसते. काल मी तिच्याबरोबर गेले. आम्ही दोघी पाणी उपसत होतो, आणि मध्येच ती म्हणाली, आई, बोट गेली तरी मी काही मरणार न्हाई, पण मग मी सकाळी उठून करू काय? मला तिच्या वयात कुणी हे विचारलंच नव्हतं.

दांडी लवकर कर, दादा. आणि पंचमीला बजरंगला चौथीच्या आदल्या दिवशीच पाठव, म्हणजे भावाचा उपवास मी तुझ्याच घरी धरीन. उपाशी बहीण समोर बसली की तुला तरी घास गोड लागायचा नाही.

लोभाचं माप नको काढूस, ते वितीत बसायचं नाही.

तुझी,
उज्वला


औसा
२० जुलै २०२५

चि. सौ. उज्वलास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

हात मिळाला. टेबलावर ठेवला आणि त्यावर माझा ठेवून पाहिला. किती लहान आहे गं तुझा हात. मला तो मोठा वाटायचा, कारण सगळी कामं त्यानेच झालेली पाहिली.

ती करंगळी मला माहीत नव्हती. दर पंचमीला तू त्याच हाताने माझ्या ताटात दिंडं वाढतेस, वर तूप ओततेस, आणि मी दिंडांकडे बघत बसतो. वाईट वाटलं, उज्वला. दुसरा शब्द नाही, वाईट वाटलं. तारामतीला विचारलं तर तिला माहीत होतं. ती म्हणाली, समद्यांना माहीत हाय, तुमीच बघत न्हाईत.

नवी दांडी तुझ्या हाताच्या मापाने केली आहे, वाकड्या करंगळीसकट. ऋतुजाला सांग, जुनी काढून ही बसव, नट फार आवळू नको. रबर नवं आहे.

बजरंगला यंदा यायला जमत नाही, त्याच्याकडे कामं अडली आहेत. म्हणून दुसरा मुराळी पाठवतो आहे. माणूस म्हातारा आहे, कानाने कमी आहे आणि पाण्याला फार भितो. चौथीच्या आदल्या दिवशी दुपारी पलीकडच्या काठावर येऊन उभा राहील. त्याला सांभाळून न्या. हसलात तर तो परत जाईल.

आशीर्वाद समक्षच देईन म्हणतो.

दादा


सावरवाडी
४ ऑगस्ट २०२५

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

काल सुखरूप पोचले. राखी सोबत ठेवली आहे, वहिनींकडून बांधून घे. तुझ्या घरी मी मुद्दाम विषय काढला नाही, कारण तू सगळ्यांना बोट अशी, काच अशी असं रंगवून सांगत होतास. पण दादा, तू तर अख्ख्या वाटेत डोळे मिटून बसला होतास! तुला काय दिसलं? म्हणून जे झालं ते मी लिहून पाठवते, म्हणजे पुढच्या वेळी खरं सांगशील.

आम्ही तिघी बोट घेऊन पलीकडे आलो तेव्हा तू काठावर छत्री धरून उभा होतास. पाऊस असा होता की छत्रीचा उपयोग फक्त तू ओळखू यावास एवढाच. तू एकावर एक दोन लाईफ जॅकेट घातलीस, बोटीत पाय ठेवलास आणि डोळे मिटलेस. नागुबाई पुढच्या डाव्या सीटवर होत्या, चष्म्याला काळी दोरी बांधून. मी आणि तू त्यांच्या मागे, चाकाशी ऋतुजा. तुझा डावा हात माझ्या हातात होता आणि उजवा तू पुढे चाकाखाली टेकवला होतास. मला वाटलं आधाराला.

बोट सुटली. वायपर चालला, आणि कसा चालला! कडेपर्यंत जायचा, तिथे वळायचा. ऋतुजा ताठ बसून चालवत होती, मुंडकं बाहेर काढायची वेळच आली नाही. अमृतरावांच्या जाळ्याचे बांबू लांबूनच दिसले, तिने वळण घेतलं. मग अगदी मध्यावर आलो आणि वायपर थांबला. एका क्षणात काच पांढरी झाली. ऋतुजाने वेग कमी केला. नागुबाईंनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं, त्यांच्याही तोंडावर आनंद नव्हता रे. म्हटलं, संपलं.

आणि तू डोळे मिटलेले तसेच ठेवून बोटांनी चाकाखाली चाचपलंस, काहीतरी अंगठ्याने दाबलंस, आणि वायपर पुन्हा चालला. तुला ना ऐकू येत होतं ना दिसत होतं, पण मोटर थांबली हे तुझ्या हाताला कळलं. नंतर ऋतुजा म्हणाली, हादऱ्याने फ्यूज ढिला झाला होता. तू तो काठ लागेपर्यंत अंगठ्याने दाबून धरलास. आणि दुसऱ्या हाताने माझा हात असा आवळलास की माझी करंगळी सरळ होते की काय असं वाटलं.

आता नागुबाईंचं ऐक. काल रात्री गटाची बैठक झाली. त्यांची अट तुला माहीत आहे, एकदाही काच आंधळी व्हायची नाही. आणि ती झाली होती. आम्ही खाली मान घालून बसलो. त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, खरं सांगते, मी समोर बघतच नव्हते. मी मागं ह्या बाईच्या भावाकडं बघून राहिले होते. पाण्याला एवढं भेणारा माणूस बहिणीपायी बसला आन् ह्या पोरीच्या हातानं सुखरूप उतरला. काच आंधळी झाली तवा हिनं बोट हळू केली, वरडली न्हाई, घाबरली न्हाई. मला तेच बघायचं होतं. बोट ऋतुजाच चालवंन, पावसाळ्यात बी. फकस्त त्या फ्यूजला काहीतरी बांधा, दरवेळी औश्याहून भाऊ कुठून आणायचा?

ऋतुजाने फ्यूजला सायकलच्या ट्यूबचा तुकडा बांधला आहे. आज सकाळी पोरी शाळेत गेल्या. मी काठावर उभी होते. तिने वळून माझ्याकडे बघून हात केला आणि मला एकदम रडू आलं. हे म्हणाले, आता काय झालं? मी म्हटलं, तुम्हाला नाही कळायचं. भाकरी पातळ आहेत.

पुढच्या वर्षी डोळे उघडे ठेवून ये. लोभ असाच आंधळा असला तरी चालेल.

तुझी,
उज्वला


औसा
११ ऑगस्ट २०२५

चि. सौ. उज्वलास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

राखी बांधली. ऋतुजाला सांग, ट्यूबचा तुकडा चांगला सुचला, मला सुचला नव्हता.

एक दुरुस्ती कर. मी अख्ख्या वाटेत डोळे मिटून होतो असं तू गावभर सांगत असशील, ते खोटं आहे. परतीच्या वेळी मिटले ते मिटलेच, कबूल. पण तुझ्याकडे येताना वायपर पुन्हा सुरू झाला तेव्हा मी एकदा उघडले होते. कुणालाच कळलं नाही. ऋतुजा समोर बघत होती, नागुबाई मागे बघत होत्या आणि तू माझ्याकडे बघत होतीस, पण माझा हातच बघत होतीस.

चारी बाजूंनी नुसतं पाणी होतं. भीती वाटली, फार वाटली. पण काचेवर तेवढी जागा स्वच्छ पुसलेली होती, तुझ्या हाताच्या मापाची. आणि त्या जागेत काठावरचं तुझं सगळं घर मावलं होतं, दारात छत्री घेऊन वाट बघत उभ्या असलेल्या तुझ्या नवऱ्यासकट.

इथून पुढे मुराळी मीच.

तुझा दादा,
शेषेराव